रात्री श्वास कोण मोजतं?

शेजारच्या आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना भेटायला मी रात्री साडेनऊच्या सुमारास उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये गेले. मी भूलतज्ज्ञ आहे, पण ती केस माझी नव्हती. शेजारधर्म म्हणून गेले होते. खोलीतला दिवा मंद केलेला होता. आजींच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, बोटाला ऑक्सिमीटर आणि त्यावर ९८चा आकडा. सून उशाशी बसली होती. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दोन दिवस नुसत्या कण्हत होत्या हो ताई. आत्ता कुठे शांत झोप लागलीय."

मी बसले. सवयीने नजर आजींच्या छातीकडे गेली. छाती वर आली, खाली गेली आणि मग बराच वेळ हललीच नाही. घड्याळाच्या काट्यावर डोळा ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलं. सहा श्वास. पुन्हा मोजलं तर पाच. पापणी वर करून पाहिली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. खांदा हलवून मोठ्याने म्हटलं, "आजी, श्वास घ्या." त्यांनी घेतला, चांगला खोल घेतला. "अजून एक घ्या." तोही घेतला. मी सांगायची थांबले तशा त्याही थांबल्या.

केसपेपर मागवला. आदल्या दिवशी दंडावर फेंटानिल या मॉर्फिनच्या जातीच्या जालीम वेदनाशामकाचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, लावला होता. संध्याकाळी दुखणं आवरेना म्हणून त्याच जातीच्या ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन दिलं गेलं. त्यावर रात्री झोपेची गोळी, कारण घरी ती त्या रोजच घेत. तीन औषधं, तीन वेगळ्या वेळी, तीन वेगळ्या माणसांनी, प्रत्येकाने चांगल्याच हेतूने दिलेली. पॅच काढला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी धावपळ केली, पण मॉर्फिनच्या जातीच्या औषधांवरचा उतारा, नॅलोक्सोन, तिथे नव्हता. दुसऱ्या हॉस्पिटलातून कुपी यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी आणि सून आळीपाळीने आजींच्या कानाशी "श्वास घ्या, आजी, श्वास घ्या" म्हणत होतो. बाजूला अँबू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, तयार ठेवली होती. ती वापरावी लागली नाही.

आजी आज ठणठणीत आहेत. पण त्या खोलीत डॉक्टर होते, सिस्टर होत्या, यंत्र होतं, जिवाला जीव देणारी सून होती, आणि तासाभरात कुणी श्वास मोजलेला नव्हता. मुंबईत मॉर्फिनच्या जातीच्या या वेदनाशामकांबद्दल जे काही बोललं जातं ते नशेबद्दल असतं, धाडींबद्दल असतं, कायद्याबद्दल असतं. आपण पहारा औषधाच्या कपाटावर बसवलाय. रोग्याच्या छातीकडे बघायला कुणी नाही. या एका चुकीतून दोन वेगवेगळे अनर्थ होतात, असं माझं म्हणणं आहे. एका माणसाला औषध मिळतं आणि त्याचा श्वास हरवतो. दुसऱ्याला श्वास हरवेल या भीतीने औषधच मिळत नाही आणि तो तळमळत मरतो.

आधी श्वासाचं समजून घेऊ, कारण सगळा गैरसमज तिथे आहे. पाण्याखाली दम धरून बसलं की काही सेकंदांत जीव कासावीस होतो. आपल्याला वाटतं ऑक्सिजन संपला. तसं नसतं. ती कासाविशी रक्तात साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात, श्वासाचा ताल धरणाऱ्या पेशींचे पुंजके आहेत. कार्बन डायऑक्साइड वाढला की ते श्वास वाढवायला लावतात. मॉर्फिन, फेंटानिल, पेथिडिन ही औषधं शरीरातल्या ज्या ग्राहींना (पेशींवरच्या 'रिसेप्टर'ना) चिकटून वेदना बोथट करतात, तेच ग्राही या पेशींवरही आहेत. वेदना बोथट होते तशी ती कासाविशीही बोथट होते. श्वासांची गती उतरते, कार्बन डायऑक्साइड साठत जातो, त्याची स्वतःचीच गुंगी चढते, आणि रोगी धडपडत नाही. दम्याचा रोगी उठून बसतो, खिडकी उघडा म्हणतो, घर जागं करतो. या औषधांनी श्वास मंदावलेला माणूस कुणालाच हाक मारत नाही. उठवलं, सांगितलं तर श्वास घेतो, कारण मनाने श्वास घेण्याची वाट शाबूत असते. आपोआप घेण्याची वाट बंद पडलेली असते.

आता ऑक्सिमीटरचं. कोविडच्या दोन वर्षांत ते यंत्र घरोघरी पोचलं आणि मुंबईकराला एक गोष्ट पाठ झाली, ९४च्या खाली गेलं की धावायचं. ते शिक्षण तेव्हा बरोबर होतं. इथे मात्र तेच फसवतं. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की मिनिटाला पाच-सहा श्वासांतही रक्तातला ऑक्सिजन बराच काळ चांगला राहतो. ९८ दिसत राहतात आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढत असतो, जो ते यंत्र मोजतच नाही. आकडा घसरायला लागतो तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, कॅप्नोग्राफ, ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही वापरतो. साध्या वॉर्डात ते क्वचितच दिसतं. पण माणसाचे डोळे आणि सेकंदकाट्याचं घड्याळ वॉर्डात असतंच. मोठ्या माणसाचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात. दहाच्या खाली गेले तर कुणाला तरी बोलवायचं. आठच्या खाली गेले तर धावायचं. आणि श्वास कमी होण्याच्या आधी बहुधा गुंगी वाढते. बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून डोळे मिटणारा रोगी ही पहिली सूचना असते, आणि "बरं झालं, झोप लागली" म्हणून आपण तिचं स्वागत करतो.

घोरण्याचंही तेच. घोरणं म्हणजे गाढ झोप हा आपला घरगुती समज. स्थूल माणूस, झोपेत श्वास अडखळण्याचा आजार असलेला, म्हातारा, मूत्रपिंड थकलेला, यांच्यात या औषधांचा जोर अपेक्षेहून जास्त पडतो. मॉर्फिन यकृतात बदलतं आणि त्यातून तयार होणारा एक पदार्थ मॉर्फिनइतकाच प्रभावी असतो. तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडायला हवा. मूत्रपिंड अधू असेल तर तो साठतो आणि कालचा साधा डोस आज जड होतो. यात दारू, झोपेची गोळी किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यावर हल्ली सर्रास लिहिली जाणारी प्रीगॅबालिनची गोळी मिसळली की हिशेब बेरजेचा राहत नाही. झोपेच्या गोळ्या आणि ही वेदनाशामकं एकत्र देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे ही जोडी एकाच चिठ्ठीवर मी अजूनही बघते.

पॅचबद्दल एक सांगायलाच हवं. फेंटानिलचा पॅच कातडीतून ७२ तास औषध सोडत राहतो. कातडी तापली की औषध वेगाने आत जातं. ताप आलेला रोगी, पत्र्याखालची मे महिन्यातली खोली, कंबर दुखते म्हणून पॅचवरच ठेवलेली शेकाची पिशवी, या सगळ्याने डोस वाढतो आणि तो वाढलेला कुणाच्या चिठ्ठीवर नसतो. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, लहान मुलाच्या हाती लागेल असा टाकायचा नाही. पाकिटातल्या बारीक अक्षरांत हे असतं. मराठीत कुणी समजावून सांगितलेलं मी फार कमी वेळा ऐकलंय.

लोक मला हृदयाबद्दल विचारतात. "मॉर्फिनने हार्ट बंद पडतं ना?" हा प्रश्न शिकलेल्या घरांतूनही येतो, म्हणून त्याचं उत्तर नीट देते. मॉर्फिनने शरीरात हिस्टामिन सुटतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, कधी अंगाला खाज सुटते. रक्तस्राव झालेल्या, पाणी कमी पडलेल्या रोग्याचा रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. पलंगावरून एकदम उठलेला म्हातारा चक्कर येऊन पडतो तो यामुळेच. नाडीही जरा मंदावते. फेंटानिलने हिस्टामिन जवळपास सुटत नाही, म्हणून रक्तदाब जास्त स्थिर राहतो. पेथिडिनने उलट नाडी वाढते. पण हृदयाच्या स्नायूची ताकद या औषधांच्या नेहमीच्या डोसने फारशी कमी होत नाही. याचा सगळ्यात मोठा पुरावा आमच्याच कामात आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून हृदयाच्या ऑपरेशनसाठी भूल देताना मॉर्फिनचे मोठाले डोस वापरले जाऊ लागले, पुढे त्याची जागा फेंटानिलने घेतली. कारण कमजोर हृदयाला भुलेची इतर औषधं सोसत नव्हती आणि हे सोसत होतं. तिथे श्वासाची जबाबदारी व्हेंटिलेटरने घेतलेली असते. तोच डोस वॉर्डात दिला तर माणूस काही मिनिटांत जाईल. फरक हृदयात नाही, श्वासाकडे कोण बघतंय त्यात आहे.

याला अपवाद आहेत आणि ते झाकायचे नाहीत. मेथॅडोन हृदयाच्या विजेच्या लयीत लांबण आणतं, त्यातून जीवघेणी अनियमित धडधड होऊ शकते. ते सुरू करताना ईसीजी हवा. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेन नावाचं औषध पॅरासिटामॉलबरोबर आपल्याकडे वर्षानुवर्षं चण्याफुटाण्यासारखं खपलं. हृदयाच्या लयीला धोका म्हणून अमेरिकेत ते २०१० मध्ये बाजारातून गेलं, ब्रिटनने तर २००५ मध्येच ते बंद करायचं ठरवलं होतं. आपल्या सरकारने बंदी घातली २०१३ मध्ये. हृदयविकाराच्या झटक्यातही मॉर्फिनचं स्थान पूर्वीइतकं निर्विवाद राहिलेलं नाही. ते पोटाची हालचाल मंदावतं, त्यामुळे रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्या उशिरा शोषल्या जातात. म्हणून छातीतली कळ असह्य असेल तेव्हाच, बेताने द्यावं असा कल आहे. हे सगळं डॉक्टरांनी जाणून असायला हवं. पण या औषधांच्या अतिरेकाने मरणाऱ्या माणसाचं हृदय बहुधा सगळ्यात शेवटी थांबतं, ऑक्सिजनवाचून उपाशी राहून.

आणि मग दाखल्यावर काय लिहिलं जातं? "हृदय व श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू." ही मरण्याची रीत झाली, कारण नव्हे. हे दाखल्यात लिहू नये असं शिकवलं जातं आणि तरी सर्रास लिहिलं जातं. म्हातारा माणूस ऑपरेशननंतर पहाटे गेला की घरचे "हार्ट फेल" म्हणून सांगतात, नातेवाईक मान डोलावतात, आणि रात्री दिलेल्या तीन औषधांची बेरीज कुणी मांडत नाही. जे दाखल्यावरच येत नाही त्याचा आकडा नसतो, आणि आकडा नसलेल्या गोष्टीवर धोरण ठरत नाही.

आता दुसरी बाजू. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या मामांना जबड्याचा कॅन्सर झाला. गिरणीत असताना लागलेली तंबाखू, दुसरं काय. आजार हाडापर्यंत गेला तेव्हा मामा रात्रभर भिंतीला टेकून बसायचे, कारण उशीला गाल टेकवता यायचा नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या वेदनाशमन विभागातून मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. दहा मिलीग्रॅमची गोळी, काही रुपयांची. मामींनी ती पाकिटातच ठेवली. "ते शेवटचं औषध असतं ना गं? दिलं की संपलंच म्हणतात." आठ दिवस मामा तसेच बसून राहिले. मी, घरातली डॉक्टर, फोनवर "द्या हो" म्हणत राहिले. प्रत्यक्ष जाऊन त्यांच्याशेजारी बसायला मला आठ दिवस लागले, याची टोचणी मला अजून आहे.

त्या आठ दिवसांत मामांची नाडी ११० होती. असह्य वेदना शरीराला सतत पळत ठेवते; नाडी चढते, रक्तदाब चढतो, हृदयाची ऑक्सिजनची गरज वाढते. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखणाऱ्या रोग्याला खोल श्वास घेता येत नाही, खोकता येत नाही, मग कफ साठून न्यूमोनिया होतो. म्हणजे हृदय आणि श्वास जपायचे म्हणून वेदनाशामक रोखून धरणारा माणूस त्याच दोघांना वेदनेच्या हवाली करतो. आणि वेदना हीच मॉर्फिनच्या श्वास मंदावण्यावरचा नैसर्गिक लगाम असते. दुखणाऱ्या माणसाला वेदनेच्या मापाने, तोंडावाटे, थोडं थोडं वाढवत दिलेलं मॉर्फिन श्वास बंद पाडत नाही, आयुष्यही कमी करत नाही. काही दिवसांत श्वासावरच्या परिणामाची शरीराला सवय होते. बद्धकोष्ठाची सवय मात्र होत नाही, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला हवं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली धाप कमी करायला तर लहान डोसातलं मॉर्फिनच वापरतात.

मामींना मी एकच गोष्ट शिकवली. गोळी द्यायच्या आधी मामांशी दोन वाक्यं बोलायची आणि एक मिनिट श्वास मोजायचे. त्यांनी कालनिर्णयाच्या पानामागे रकाने पाडले. सकाळी सहा, १६. दहा, १४. दुपारी दोन, १६. पाचवी शिकलेली बाई. मामा पुढे अकरा आठवडे जगले, पेज गिळली, गणपतीत खिडकीपाशी बसून आरती ऐकली, आणि उशीवर डोकं ठेवून झोपले.

हे भाग्य किती जणांचं? टाटासमोरच्या फुटपाथवर बिहार, बंगाल, विदर्भातून आलेली कुटुंबं चादर अंथरून राहतात, काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. परळमध्ये असेपर्यंत त्यांना मॉर्फिन मिळतं. गावी परतले की जिल्ह्याच्या गावातही मिळेल याची खात्री नसते. आणि हे त्या देशात, जिथे मॉर्फिन ज्यापासून बनतं त्या अफूची शेती सरकारच्या परवान्याने होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते. आपल्या शहराचा तर अफूशी जुना संबंध. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातूनच चीनला जायची. तिच्या आणि कापसाच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये उभं राहिलं. हजारो पेट्या अफू ज्या शहरातून गेली, त्याच्या आसपासच्या तालुक्यांत आज मरणाऱ्या माणसाला दहा मिलीग्रॅम मॉर्फिन मिळत नाही.

१९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हे घडवलं. हेतू नशा रोखण्याचा होता. पण हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे वेगवेगळे परवाने लागायचे, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा यायचा नाही, आणि कागदात चूक निघाली तर किमान दहा वर्षांची शिक्षा डोक्यावर असायची. औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घसरला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन कधी न लिहिता शिकून बाहेर पडली. कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९८६ मध्ये, वांद्र्याला माऊंट मेरीजवळ शांती अवेदना सदन सुरू झालं, मरणासन्न कॅन्सररुग्णांसाठीचं देशातलं पहिलं घर. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडून हा प्रश्न लावून धरला. अखेर २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथॅडोन अशी सहा औषधं "अत्यावश्यक" ठरली आणि एका मान्यतेवर हॉस्पिटल ती ठेवू शकेल अशी सोय झाली. महाराष्ट्रात ही मान्यता अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यायची असते. कायदा बदलून दशक उलटलं. मी ज्या लहान हॉस्पिटलांत भूल द्यायला जाते, तिथे मालक डॉक्टर आजही म्हणतात, "कशाला ती कटकट, ट्रॅमाडॉल आहे ना."

ट्रॅमाडॉल सौम्य असतं हा समज. ते मॉर्फिनहून दुबळं आहे हे खरं, पण जास्त झालं तर आकडीचे झटके आणतं, नैराश्याच्या गोळ्यांबरोबर भलतंच होऊ शकतं, आणि काही माणसांचं यकृत जन्मतःच ते झपाट्याने जहाल रूपात बदलतं. म्हणूनच बारा वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असं अमेरिकेने २०१७ मध्ये ठरवलं. आपण २०१८ मध्ये त्याला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. मग बाजार टॅपेंटाडॉल या त्याच जातीच्या दुसऱ्या वेदनाशामकाकडे सरकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झालं की मुंबईतली एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या गुंगी आणणाऱ्या स्नायुशिथिलकाची मिश्र गोळी पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती, जिथे ती रस्त्यावर नशेसाठी विकली जात होती. श्वास मंदावणारी दोन औषधं एकाच गोळीत. बातमी जगभर गेल्यावर केंद्राने ते मिश्रण बनवणं आणि निर्यात करणं बंद केलं. घानातल्या पोरांचा श्वास मोजायला कोण होतं, हा प्रश्न मला त्या आठवड्यात झोपू देत नव्हता. मी याच शहरात या औषधांवर पोट भरते.

यावर मला अमेरिकेचा दाखला दिला जातो. तिथे १९९०च्या दशकात कंपन्यांनी ही वेदनाशामकं निर्धोक म्हणून खपवली, साध्या कंबरदुखीला महिनेमहिने लिहिली गेली, आणि २०२२ या एका वर्षात ऐंशी हजारांहून अधिक माणसं या वर्गातल्या पदार्थांच्या अतिरेकाने मेली, बहुतेक बेकायदा फेंटानिलने. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या २०१९च्या अहवालानुसार सुमारे सव्वादोन कोटी लोक अफूच्या वर्गातले पदार्थ घेतात. ही भीती पोकळ नाही. सैल सोडा असं मी म्हणतच नाही. जुनाट कंबरदुखीला, संधिवाताला ही औषधं महिनेमहिने देण्याला माझा विरोध आहे. पण कपाटाला कुलूप लावून नशा थांबलेली नाही हे त्याच अहवालातून दिसतं. थांबलं ते मामांसारख्यांचं औषध.

मला काय हवं ते सांगते. ज्या नर्सिंग होममध्ये यातलं कुठलंही औषध टोचलं जातं तिथे नॅलोक्सोनच्या कुप्या असल्याच पाहिजेत, आणि नोंदणीचं नूतनीकरण करताना त्या तपासल्या जाव्यात. औषध जुनं आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि मॉर्फिन मागे उरतं, म्हणून ते दिल्यावर रोग्याजवळून हलायचं नाही, हेही शिकवलं पाहिजे. नशा करणाऱ्यांच्या मित्रांपर्यंत, कुटुंबांपर्यंत ते पोचावं असं या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय. मुंबईत या मुलांमध्ये काम करणाऱ्या संस्थांच्या हाती ते सहज असायला हवं. अशा माणसाला वाचवताना नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वास द्यावा लागतो, कारण आधी थांबलेला असतो तो श्वास. वॉर्डातल्या तक्त्यावर नाडी आणि रक्तदाबाच्या रकान्यांशेजारी श्वासांचा रकाना असतो आणि त्यात ओळीने २०, २०, २०, २० लिहिलेलं असतं. न मोजता. हे आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्याच्या शेजारी गुंगी किती हे लिहायचा एक रकाना हवा. आणि डिस्चार्ज कार्डावर श्वास कसे मोजायचे, कधी धावायचं, हे सांगणाऱ्या मराठीत, हिंदीत, मोठ्या अक्षरांत चार ओळी.

माझे सहकारी म्हणतात, रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती खाटा असतात ठाऊक आहे ना? ठाऊक आहे. त्यांच्यावर आणखी ओझं टाकताना मलाही संकोच वाटतो. जागा भरा, हे सरकारला आणि मालकांना सांगत राहायलाच हवं. पण आपल्या वॉर्डात प्रत्येक खाटेशेजारी रात्रभर एक जागं माणूस असतं. सून, भाऊ, गावाकडून आलेला पुतण्या. त्याला आपण औषधं आणायला पळवतो, बिलं भरायला पळवतो. मिनिटभर त्याच्याबरोबर बसून श्वास मोजायला मात्र शिकवत नाही.

शेजारच्या आजींचा दुसरा गुडघा आठ महिन्यांनी झाला, दुसऱ्या हॉस्पिटलात. सुनेने भरतीच्या वेळीच विचारलं होतं, नॅलोक्सोन आहे का. झोपेच्या गोळीबद्दल तिने स्वतःहून सांगितलं. तिसऱ्या रात्री पावणेदोनला माझा फोन वाजला. "ताई, नऊ आले. दोनदा मोजले. हाक मारली तर उठतायत, पण बोलता बोलता डोळे मिटतायत. सिस्टरांना बोलावू?" "बोलाव," म्हटलं. सिस्टर आल्या, त्यांनी स्वतः मोजले, डॉक्टरांना उठवलं, पहाटेचा डोस थांबवला. सून सकाळपर्यंत घड्याळ घेऊन बसली. सहा वाजता तिने मला आकडा पाठवला, १४, आणि खाली लिहिलं होतं की आजींनी चहा मागितलाय, साखरेचा.